पॉवरक्लिपमधला फोटो हाताला लागत नाही? मास्क केलेल्या आर्टवर्कच्या नेहमीच्या कटकटी

गणपती महिनाभरावर आले की ठाण्यातल्या बहुतेक डीटीपीवाल्यांच्या संगणकावर मागच्या वर्षीची तीच फाइल उघडते. वर बाप्पा, मधे मंडळाचं नाव, खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग. कार्यकर्ता खुर्ची ओढून शेजारी बसतो आणि म्हणतो, "दादा, दोनच फोटो बदलायचेत. पाच मिनिटांचं काम आहे." त्या पाचाची पन्नास मिनिटं होतात. फोटोवर क्लिक केलं की फोटोऐवजी गोल हाती येतो, गोल सरकवला की चेहरा अर्धा कापला जातो आणि नवीन फोटो पेस्ट केला की तो कुठे गेला तेच कळत नाही.

खालचं सगळं त्या वरच्या पंचेचाळीस मिनिटांबद्दल आहे. उदाहरणं कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जास्त आहेत, कारण आपल्याकडे फ्लेक्स, पत्रिका, स्टिकर या धंद्यात अजून कोरलच चालतं. इलस्ट्रेटरवाल्यांसाठीही बरंच आहे. इंकस्केपचं थोडक्यात आटोपलंय.

आधी मूळ दुखणं. फोटो एखाद्या आकाराच्या चौकटीत बसवून तेवढाच भाग दाखवायची ही सोय. तिला इलस्ट्रेटरमध्ये क्लिपिंग मास्क म्हणा, कोरलमध्ये पॉवरक्लिप म्हणा, इंकस्केपमध्ये क्लिप म्हणा, तिने काहीही कापलं जात नाही. कळव्याच्या पुलावरून जाताना लोकलच्या खिडकीत जेवढी खाडी दिसते तेवढीच काही ती नसते, तसंच इथे. गोलात चेहरा दिसतोय, पण खांद्यापासून खालचा माणूस, मागचा सोफा, शेजारी उभे असलेले भाऊजी हे सगळं फाइलमध्ये शाबूत आहे. म्हणजे पडद्यावर एक वाटणारी वस्तू खरं तर तीन आहेत: बाहेरची चौकट, आतला माल आणि दोघांची मिळून झालेली जोडी. तुम्हाला वाटतं एक हातात आहे, असतं दुसरंच. फोटो ओढायला गेलो आणि गोलच सरकला, गोल मोठा केला तर चेहराही फुगला, बॉर्डरला म्हणून लाल रंग दिला तो चेहऱ्यामागे जाऊन बसला, या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच.

म्हणून काही अडलं की आधी बघायचं, आत्ता नेमकं काय सिलेक्ट झालंय. कोरलमध्ये खाली स्टेटस बारवर वस्तूचा प्रकार लिहून येतो, आणि ऑब्जेक्ट्सच्या डॉकरमध्ये (बाजूचं पॅनेल, जुन्या आवृत्त्यांत ऑब्जेक्ट मॅनेजर) आतला माल चौकटीखाली उलगडून दिसतो. इलस्ट्रेटरमध्ये वरच्या कंट्रोल बारच्या डाव्या टोकाला 'क्लिप ग्रुप' असं दिसलं तर जोडी हातात आहे. लेयर्स पॅनेलमध्ये ज्याच्या नावाखाली रेघ आहे ती मास्कची चौकट.

आणि एक ठाम मत सांगून ठेवतो. काही हाती लागत नाही म्हणून लगेच एक्स्ट्रॅक्ट किंवा रिलीज मारू नका, म्हणजे माल चौकटीबाहेर काढू नका. ते सोपं वाटतं, पण रिलीज केलं की फोटो पूर्ण आकारात बाहेर येऊन अर्ध्या बॅनरवर पसरतो, शेजारचे चार गोल झाकतो, आणि पुन्हा आत घालताना चेहरा आधी नेमका कुठे बसवला होता ते हरवलेलं असतं. ऑपरेटर नवा आहे की मुरलेला, हे मला तरी यावरूनच कळतं. मुरलेला माणूस मास्क उघडत नाही, मास्कच्या आत जातो.

कोरल: आत जाताच येत नाही

साधी रीत अशी: कंट्रोल दाबून चौकटीवर क्लिक. आत गेलात की आतला माल पूर्ण उघडा दिसतो आणि चौकटीची नुसती रेघ उरते. फोटो सरकवा, छोटा-मोठा करा, बदला. झालं की रिकाम्या जागेत पुन्हा कंट्रोल-क्लिक, किंवा फिनिशचं बटण. मेनूतून जायचं तर ऑब्जेक्ट, मग पॉवरक्लिप, मग एडिट. जुन्या आवृत्त्यांत हाच पर्याय इफेक्ट्सच्या मेनूत होता, त्यामुळे जुनं शिकलेल्याला नव्यात आणि नवं शिकलेल्याला जुन्यात तो सापडत नाही.

कंट्रोल-क्लिक करूनही आत जाता येत नसेल तर नव्वद टक्के वेळा चौकट ग्रुपमध्ये आहे. कंट्रोल-क्लिकचं दुसरं कामच ते आहे, ग्रुपमधली एक वस्तू निवडणं. त्यामुळे पहिल्या क्लिकला ग्रुपमधला गोल निवडला जातो आणि आपल्याला वाटतं काही झालंच नाही. गोल निवडलेला असतानाच एडिटचं बटण दाबा, काम होतं. त्यासाठी सगळ्या बॅनरचा अनग्रुप ऑल करायची अजिबात गरज नाही. अनग्रुप ऑल केलेली फाइल पुढच्या माणसाच्या हातात पडली की तो तुमच्या नावाने जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आतही काही हाती येत नसेल तर पॉवरक्लिपमध्ये आणखी पॉवरक्लिप आहे. कोणीतरी आधी फोटो चौकोनात घातला, मग तो चौकोन गोलात. अशा वेळी ऑब्जेक्ट्स डॉकर उघडायचा आणि वरून खाली एकेक पायरी उतरायची.

कोरल: आत घातलं की फोटो जागा सोडतो

तुम्ही फोटो गोलावर बरोबर ठेवला, चेहरा मधोमध आणला, प्लेस इनसाइड फ्रेम केलं, आणि फोटो उडी मारून भलत्याच जागी बसला. याचं कारण ऑप्शन्समधल्या पॉवरक्लिपच्या पानावर आहे. तिथे नवीन माल आपोआप मध्यभागी आणायचा का, याला तीन पर्याय असतात: नेहमी, कधीच नाही, किंवा माल चौकटीच्या पूर्ण बाहेर असेल तेव्हाच. 'नेहमी' निवडलेलं असेल तर कोरल फोटोचा मध्य चौकटीच्या मध्यावर आणतं. आणि फोटोचा मध्य म्हणजे चेहरा कधीच नसतो, तो साधारण शर्टाच्या दुसऱ्या बटणावर असतो. तिसरा पर्याय ठेवा. तुम्ही जिथे ठेवला तिथेच फोटो राहील, आणि लांबून आत टाकलात तरी हरवणार नाही.

याच जातीची दुसरी अडचण लॉकची. लॉक कंटेंट्स चालू असेल तर चौकट हलवली की माल तिच्याबरोबर हलतो. बंद असेल तर चौकट सरकते आणि फोटो पानावर आपल्या जागीच राहतो, त्यामुळे गोलात वेगळाच भाग दिसायला लागतो. लॉक बंद ठेवण्याचा खरा उपयोग तोच आहे: फोटो हलवण्यापेक्षा चौकट फोटोवर फिरवून हवा तो भाग पकडायचा. पण काम झाल्यावर लॉक पुन्हा लावला नाही तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती गोलांची रांग दोन इंच वर घेतो आणि सगळ्यांचे चेहरे गायब होऊन नुसते सदरे उरतात.

फोटो बदलायचा असेल तर आत जा, नवा फोटो इम्पोर्ट करा, जुना काढा, बाहेर या, आणि चौकटीखालच्या छोट्या टूलबारवरून 'फिल फ्रेम प्रोपोर्शनली' द्या. फोटो प्रमाणात राहून गोल पूर्ण भरतो. मग पुन्हा आत जाऊन चेहरा थोडा वरखाली. त्याच टूलबारवर 'स्ट्रेच टू फिल' आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. साहेबांचा चेहरा भोपळ्यासारखा रुंद छापला गेला की बॅनर रात्रीत उतरवावा लागतो, आणि बिल कोण देणार हा वाद गणपती विसर्जनापर्यंत चालतो.

पेस्ट केलं आणि गायब झालं

ही तक्रार कोरल आणि इलस्ट्रेटर दोन्हीकडे सारखीच येते. तुम्ही मास्कच्या आत काम करताय, तेवढ्यात फोन येतो, नंतर त्याच अवस्थेत मंडळाचा लोगो पेस्ट करता. तो लोगो चौकटीच्या आतला माल म्हणून जमा होतो. बाहेर आलात की चौकटीच्या बाहेर असलेला लोगो झाकला जातो. मग माणूस पुन्हा पेस्ट करतो, पुन्हा तेच. एका गोलात एकाच लोगोच्या पाच प्रती सापडलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत.

कोरलमध्ये फिनिश केलंय की नाही ते बघा. इलस्ट्रेटरमध्ये आयसोलेशन मोडची (मास्कच्या आत शिरल्याची) खूण म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूला एक करडी पट्टी आणि बाकीचं सगळं आर्टवर्क फिकट. ते फिकट पाहून बरेच जण 'लेयर लॉक झाला' म्हणून लेयर्स पॅनेलमध्ये कुलूप शोधत बसतात. कुलूप नाहीच. एस्केप दाबा, किंवा रिकाम्या जागेत डबल क्लिक.

इलस्ट्रेटरमध्ये याला एक चुलत भाऊ आहे, ड्रॉ इनसाइड. शिफ्ट आणि डी चुकून एकत्र दाबले गेले की ड्रॉइंगचा मोड बदलतो. निवडलेल्या आकाराच्या कोपऱ्यांना तुटक रेषा दिसायला लागतात आणि त्यानंतर काढलेलं किंवा पेस्ट केलेलं सगळं त्या आकाराच्या आत जाऊन बसतं. पुन्हा शिफ्ट-डी दाबत ड्रॉ नॉर्मलवर या.

तिसरं कारण जरा लपलेलं असतं. मास्क एखाद्या ग्रुपवर असण्याऐवजी अख्ख्या लेयरवर असतो. लेयर्स पॅनेलच्या तळाला मास्क करण्याचं बटण असतं, ते लेयर निवडून दाबलं की त्या लेयरमधली सगळ्यात वरची वस्तू पूर्ण लेयरची चौकट होते. मग त्या लेयरवर काहीही काढा, चौकटीबाहेरचं दिसणार नाही. लेयर निवडून तेच बटण पुन्हा दाबा, मोकळं होतं.

इलस्ट्रेटर: सगळंच नाहीसं झालं, लेयर्ससुद्धा

घाबरून फोन येतात ते याच कारणाने. फोटो खालून हळूहळू विरत जाऊन बॅकग्राउंडमध्ये मिसळवायचा असतो, त्यासाठी ट्रान्सपरन्सी पॅनेलमधून ओपॅसिटी मास्क लावलेला असतो. हा वेगळा प्राणी आहे. क्लिपिंग मास्कची कड धारदार, आत किंवा बाहेर. ओपॅसिटी मास्क उजेडावर चालतो: मास्कमध्ये जिथे पांढरं तिथे चित्र दिसतं, काळं तिथे लपतं, करडं तिथे अर्धवट.

ट्रान्सपरन्सी पॅनेलमध्ये दोन छोटी चित्रं शेजारी असतात. डावीकडे आर्टवर्क, उजवीकडे मास्क. चुकून उजव्यावर क्लिक झालं की तुम्ही मास्कच्या आत शिरता. फाइलच्या नावापुढे ओपॅसिटी मास्क असं लिहून येतं, लेयर्स पॅनेलमध्ये बाकी सगळे लेयर दिसेनासे होतात आणि तेवढा एकच उरतो. फाइल करप्ट झालेली नाही. डाव्या चित्रावर एक क्लिक करा, सगळं जिथल्या तिथे परत येतं.

दोघांच्या मधली साखळी तोडली की फोटो आणि मास्क वेगवेगळे हलवता येतात. फोटो बदलताना विरण्याची जागा तीच ठेवायची असेल तर हीच साखळी तोडायची. शिफ्ट दाबून उजव्या चित्रावर क्लिक केलं तर मास्क तात्पुरता बंद होतो आणि त्यावर लाल फुली येते. ती फुली तशीच राहून फाइल छपाईला गेली तर विरलेला फोटो कडक चौकोनी छापून येतो, तेवढं बघून घ्या. आणि ओपॅसिटी मास्क असलेली फाइल कोरलमध्ये उघडायची असेल तर बहुतेक वेळा तो भाग बिटमॅप (नुसतं पिक्सेलचं चित्र) होऊन येतो, म्हणून जे काय बदल करायचे ते इलस्ट्रेटरमध्येच उरकून घ्या.

साध्या क्लिपिंग मास्कसाठी इलस्ट्रेटरमध्ये फार मारामारी नाही. क्लिप ग्रुप निवडला की कंट्रोल बारवर दोन बटणं येतात, एक चौकटीसाठी आणि एक आतल्या मालासाठी. हवं ते दाबा. पांढऱ्या बाणाने, म्हणजे डायरेक्ट सिलेक्शनने, थेट फोटोवर क्लिक केलं तरी फोटोच निवडला जातो. कंट्रोल आणि वाय दाबून आउटलाइन व्ह्यू लावला की झाकलेला मालही रेषांमध्ये दिसतो, कुठे काय पडलंय ते कळतं. फोटो बदलताना तो लिंक केलेला असेल तर लिंक्स पॅनेलमधून रीलिंक करा, मास्कला हात लावायचीही गरज पडत नाही.

मास्क केल्यावर गोलाची सोनेरी बॉर्डर गेली, ही तक्रारही रोजचीच. इलस्ट्रेटरमध्ये आकार मास्क झाला की त्याचा रंग आणि स्ट्रोक (कडेची रेघ) उडतात, हा दोष नाही, रीतच आहे. मास्क केल्यानंतर पांढऱ्या बाणाने चौकट निवडून स्ट्रोक पुन्हा द्या. कोरलमध्ये याच्या उलट: चौकटीची रेघ तशीच राहते, आणि नको असताना केसाइतकी काळी रेघ छपाईत येते. गोल निवडून रंगांच्या पट्टीतल्या फुलीवर उजवं क्लिक केलं की ती जाते.

सावलीचंही तसंच. फोटोला दिलेली सावली चौकटीत कापली जाते. सावली चौकटीला किंवा जोडीला द्यायची, आतल्या मालाला नाही.

देवनागरी अक्षरांत फोटो भरला की शिरोरेषेवर भोकं पडतात

इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर हे कुठे सापडत नाही, कारण त्यांच्या अक्षरांना शिरोरेषाच नाही. समजा 'ठाणे' हा शब्द मोठा घेऊन त्यात मासुंदा तलावाचा फोटो भरायचाय. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा अखंड दिसाव्यात म्हणून त्या एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. अक्षरं जिवंत टेक्स्ट असेपर्यंत ते दिसत नाही. पण कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह केलं, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले, की सगळा शब्द एकच वक्र होतो, आणि एकाच वक्रात दोन भाग एकमेकांवर आले की तो भाग कोरल भोक समजतं. ठ आणि काना जिथे भेटतात तिथे बारीक पांढरा तुकडा, काना आणि ण जिथे भेटतात तिथे दुसरा. जुने युनिकोड नसलेले फॉन्ट असतील तर तुकडे आणखी, कारण तिथे वेलांटी, मात्रा, अर्धी अक्षरं हे सगळं सुटं जोडलेलं असतं.

उपाय म्हणून बरेच जण कंट्रोल-के दाबून सगळं तोडतात आणि वेल्ड मारतात, म्हणजे आकार जोडून एक करतात. शिरोरेषा जुळते, पण ठच्या पोटातली पोकळी भरून तो काळा गोळा होतो. व, ब, क यांचंही तेच. म्हणून तोडल्यावर आधी पोकळीचे छोटे तुकडे बाजूला निवडून ठेवा, उरलेल्या बाहेरच्या आकारांनाच वेल्ड द्या, मग पोकळ्या आणि वेल्ड झालेला आकार एकत्र निवडून कंट्रोल-एल, म्हणजे कम्बाइन. पोकळ्या पुन्हा पोकळ होतात. त्यानंतर पॉवरक्लिप. मजकूर मोठा असेल तर हे वैतागवाणं आहे, मान्य, पण फोटो भरायचा तो एखाद्या शब्दातच असतो.

इलस्ट्रेटरमध्ये हेच सोपं जातं. क्रिएट आउटलाइन्स, मग पाथफाइंडरमधलं युनाइट (त्यात पोकळ्या शाबूत राहतात), मग कंट्रोल-आठने कम्पाउंड पाथ (सगळे आकार मिळून एक), मग फोटोच्या वर ठेवून कंट्रोल-सात. कम्पाउंड पाथची पायरी गाळू नका, नाहीतर अक्षरं सुटे आकार म्हणूनच राहतात आणि शब्दभर फोटो भरत नाही. आणि चौकट नेहमी थराच्या सगळ्यात वर हवी, फोटो वर असेल तर इलस्ट्रेटर मास्क करायला नकारच देतं.

तिथेच आणखी एक. मास्कच्या आतला मराठी मजकूर बदलताना जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसायला लागली तर दोष मास्कचा नाही. टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर निवडा.

पीडीएफ उघडलं आणि मास्कच्या आत मास्क, त्याच्या आत मास्क

ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) मागितली की पीडीएफ येतं, हे धंद्यात गृहीतच आहे. घणसोलीच्या एखाद्या गृहप्रकल्पाचं माहितीपत्रक इलस्ट्रेटरमध्ये उघडा, एकेका ओळीला तीन-चार क्लिप ग्रुप लटकलेले असतात. पीडीएफ बनवताना प्रत्येक तुकड्याभोवती चौकट घातली जाते, त्यातल्या बहुतेकांचा काहीही उपयोग नसतो.

सिलेक्ट मेनूत ऑब्जेक्ट, त्यात क्लिपिंग मास्क्स. फाइलमधल्या सगळ्या चौकटी एकदम निवडल्या जातात. डिलीट दाबलं की चौकटी जातात आणि माल मोकळा होतो. पण सगळ्या म्हणजे खरोखर सगळ्या. ज्या मास्कची गरज होती तेही जातात आणि झाकलेले फोटो पूर्ण पसरतात. म्हणून हे नेहमी फाइलच्या प्रतीवर करायचं, आणि हवा तो मजकूर तिथून उचलून मूळ फाइलमध्ये आणायचा. डिलीटऐवजी रिलीज वापरलंत तर रंग-रेघ नसलेल्या अदृश्य चौकटींचा कचरा मागे राहतो. ऑब्जेक्ट मेनूतल्या पाथखालच्या क्लीन अपमधून तो झाडून घ्या.

इंकस्केपवाल्यांसाठी एवढंच: फोटोला थेट क्लिप लावली की फोटो हलवताना क्लिपही बरोबर हलते, आणि मग फोटो आतल्या आत सरकवता येत नाही. त्याऐवजी एकट्या फोटोलाच आधी ग्रुप करा आणि त्या ग्रुपला क्लिप लावा. मग डबल क्लिकने ग्रुपमध्ये शिरून फोटो हवा तसा फिरवा, चौकट जागची हलत नाही. क्लिपऐवजी मास्क वापरलात तर तिथेही पांढरं दाखवतं आणि काळं लपवतं, म्हणून काळा गोल मास्क म्हणून दिला तर चित्रच नाहीसं होतं.

फाइल उघडायला चहा पिऊन यावं लागतं

झाकलेला माल फाइलमध्येच राहतो, याचा हिशेब इथे चुकता करावा लागतो. वीस फूट बाय दहा फुटांचा बॅनर घ्या. त्यावर एक फूट व्यासाचा गोल. लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ डीपीआय (दर इंचाला ७२ पिक्सेल) पुरतं असं धरलं तर त्या गोलाला ८६४ बाय ८६४ पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण साडेसात लाख. कार्यकर्त्याने दिलेला कॅमेऱ्यातला फोटो असतो ६००० बाय ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. गरजेच्या बत्तीसपट. उघडल्यावर असा एक फोटो संगणकाच्या मेमरीत सुमारे ७२ एमबी घेतो, असे वीस शुभेच्छुक म्हणजे जवळपास दीड जीबी, आणि त्यात बाप्पा अजून आलेच नाहीत.

फोटो आत बसवून झाला, मंजुरी मिळाली, की फाइलची प्रत करा आणि त्या प्रतीत पॉवरक्लिपच्या आत जाऊन फोटो रीसॅम्पल करा, म्हणजे गरजेपुरतेच पिक्सेल ठेवा. मूळ फाइल तशीच ठेवा, पुढच्या वर्षी लागणार आहे. फोटोतला चेहराच लहान असेल आणि तो खूप ओढून गोलात बसवला असेल तर आधीच पिक्सेल कमी असतात, तिथे हात लावू नका. इलस्ट्रेटरमध्ये नेहमीच्या कॅनव्हासची मर्यादा २२७ इंचांच्या आसपास आहे, म्हणजे वीस फूट त्यात मावत नाहीत. म्हणून बरेच जण दहाव्या हिश्शाने काम करतात. तसं असेल तर डीपीआयचा आकडाही दहापट धरायचा, ७२ ऐवजी ७२०. हे विसरून ७२ ला रीसॅम्पल केलं की छापल्यावर चेहऱ्याच्या जागी चौकोन दिसतात.

झाकलं म्हणजे गेलं नाही

याला अडचण म्हणून कोणी मदत मागत नाही, पण सगळ्यात महाग हीच पडते. सोसायटीची नोटीस करताना थकबाकीच्या यादीचं स्कॅन केलेलं पान आणलं, त्यातला एकच तक्ता दिसावा म्हणून बाकीचं पॉवरक्लिपने झाकलं आणि पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. पीडीएफ कोणीही इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये उघडून क्लिप काढली की बाकीच्यांची नावं आणि आकडे समोर. मजकूर टाइप केलेला असेल तर तेवढंही करावं लागत नाही, सगळं निवडून कॉपी केलं आणि दुसरीकडे पेस्ट केलं तरी झाकलेली अक्षरं येऊ शकतात. जुन्या लग्नपत्रिकेवरून नवी करताना चौकटीबाहेर राहिलेला जुन्या वराचा मोबाइल नंबरही असाच जातो.

अशा ठिकाणी झाकून भागत नाही, कापावंच लागतं. बाहेर द्यायच्या प्रतीत कोरलमध्ये पूर्ण पॉवरक्लिप निवडून कन्व्हर्ट टू बिटमॅप करा. इलस्ट्रेटरमध्ये फोटोसाठी क्रॉप इमेज, आकारांसाठी पाथफाइंडरमधलं क्रॉप. आधार कार्डाची प्रत, बँकेचं पान, पत्ते असलेली यादी असं काही असेल तर मी पीडीएफ देतच नाही, जेपीजी देतो.

राहिली ती पीडीएफमध्ये दोन मास्कच्या सांध्यावर दिसणारी केसासारखी पांढरी रेघ. ग्राहक मोबाइलवर प्रूफ बघून ती लगेच लाल गोल करून पाठवतो. झूम करून बघा. झूम वाढवला तरी रेघ तेवढीच बारीक राहत असेल तर ती पडद्यावरच्या कडा गुळगुळीत करण्याच्या प्रक्रियेतून आलेली असते, आर्टवर्कमध्ये ती नाही आणि छपाईत सहसा येतही नाही. झूमबरोबर जाड होत गेली तर मात्र दोन चौकटींमध्ये खरीच फट आहे. तेव्हा खालच्या चौकटीची कड वरच्या चौकटीखाली थोडी सरकवून घ्या आणि मगच टिफ काढून प्रेसला पाठवा.